शाळेच्या बागेतील कुरतडलेले पान

शाळेच्या आवारात ‘फुलपाखरू उद्यान’ किंवा ‘जैवविविधता कोपरा’ करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. २००१-०२ साली केंद्र शासनाची राष्ट्रीय हरित सेना योजना सुरू झाली आणि शाळाशाळांतून इको क्लब निघाले. २०१९ मध्ये शाळेतच भाजीपाला पिकवण्यासाठी पोषण-परसबागांच्या मार्गदर्शक सूचना आल्या. यामागचा हेतू उत्तम आहे, शिक्षकांचे कष्टही खरे आहेत. तरीही अशी बाग पाहताना दोन प्रश्न विचारायला हवेत. या बागेत राहते कोण? आणि तिच्यातून मूल शिकते काय?

पहिल्या प्रश्नासाठी एक तयार कसोटी उपलब्ध आहे. अमेरिकेतील नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन या संस्थेने १९७३ मध्ये घराच्या परसात वन्यजीवांना जागा देण्याची मोहीम सुरू केली आणि पुढे ती शाळांच्या आवारात नेली. अन्न, पाणी, आडोसा आणि पिल्ले वाढवण्याची जागा या चार गोष्टी असतील आणि निगा राखताना विषारी फवारे टाळले जात असतील, तर त्या जागेला अधिवास म्हणावे, असे ही संस्था सांगते. या कसोटीवर आपली फुलपाखरू उद्याने अन्नाच्या विषयात कशीबशी पास होतात आणि पिल्ले वाढवण्याच्या विषयात सपशेल नापास होतात.

याचे कारण साधे आहे. आपण फुले लावतो. फुलपाखरू येते, मध पिते आणि निघून जाते. अंडी घालण्यासाठी मादीला ठरावीक वनस्पती लागते, कारण तिच्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. लिंबू आणि कढीपत्ता यांवर लाइम बटरफ्लाय, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिरो अशा जोड्या निसर्गाने ठरवून दिल्या आहेत. पानफुटीवरची अळी तर पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खात राहते. रोपवाटिकेतून शोभेची झाडे आणताना ‘हे कोण खाते?’ असा प्रश्न आपण विचारतच नाही. केवळ ‘देशी झाडे लावा’ या नियमानेही हा प्रश्न सुटत नाही. पानफुटी मूळची मादागास्करची आहे. शोभेसाठी रांगेने लावलेल्या खोट्या अशोकावर टेल्ड जे नावाचे देखणे फुलपाखरू वाढते. देशी झाडांना प्राधान्य द्यावेच, पण पाहायचे ते झाडाचे इतर जीवांशी असलेले नाते.

या नात्याच्या आड सर्वात अधिक येते ती आपली स्वच्छतेची कल्पना. पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी टाकळा, घोळ, रुई आपसूक उगवतात. टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. ज्या घोळीची आपण भाजी करतो, तिच्यावर डॅनेड एगफ्लाय वाढते. या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळीच्या अंगात साठतात आणि पुढे फुलपाखरातही उतरतात. म्हणून पक्षी प्लेन टायगरच्या वाटेला सहसा जात नाहीत. एगफ्लायच्या मादीला त्या रंगरूपाचा आयताच फायदा मिळतो. नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर पांढरे ठिपके असतात. अनुकरणाचा इतका सुंदर पाठ कुंपणालगतच्या तणात लिहिलेला असतो, आणि १५ ऑगस्टच्या आधीच्या सफाईत आपण तो मुलांच्याच हातांनी उपटून टाकतो!

आता दुसरा प्रश्न. बहुतेक बागांत झाडापुढे नावाची पाटी असते आणि ‘फुले तोडू नका’ असा फलकही असतो. मुले रांगेने येतात, पाटी वाचतात आणि जातात. याला प्रदर्शन म्हणता येईल, वर्ग म्हणता येणार नाही. वर्ग व्हायचा तर मुलाला काही शोधायचे असले पाहिजे. लिंबाचे एकच झाड घ्या. अंडी कोवळ्या पानावर आहेत की जून पानावर? लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते, असे का? सोमवारी आठ अळ्या होत्या, शुक्रवारी तीनच उरल्या. बाकीच्या कोणी नेल्या? मुंग्यांनी, गांधीलमाशीने की बुलबुलाने? अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात पुरा होतो. तिसरी-चौथीच्या मुलांना एवढे निरीक्षण सहज जमते, आणि अन्नसाखळी ही पुस्तकातल्या बाणांची आकृती राहत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल जिथे आहे तिथेच शिक्षण नेता येते, हे महाराष्ट्राला नवीन नाही.

अमेरिकन कसोटी इथे जशीच्या तशी लावणेही बरोबर नाही. आपल्याकडे पाण्याची सर्वाधिक गरज एप्रिल-मे महिन्यांत असते आणि नेमकी तेव्हा सुट्टी लागते. शाळेजवळ राहणाऱ्या दोन-चार मुलांच्या घरी ही जबाबदारी वाटून दिल्याशिवाय पक्ष्यांचे भांडे कोरडेच राहणार. मुख्याध्यापकांच्या शंकाही उडवून लावण्यासारख्या नाहीत. डासांची वाढ रोखायची तर भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून, आतून घासून वाळवले पाहिजे. सापांची भीती असेल तर पाचोळ्याचा ढीग वर्गापासून आणि स्वच्छतागृहाच्या वाटेपासून दूर असावा, मुलांनी त्यात हात घालू नये. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, हे आधीच सांगावे आणि पाने मुलांना तोडू देऊ नयेत.

तेव्हा नवे उद्यान उभारण्याआधी एक स्वस्त प्रयोग करून पाहावा. कुंपणालगत तीन मीटर लांब-रुंद चौकोन आखावा आणि जूनपासून दिवाळीपर्यंत तिथे खुरपणी व फवारणी करू नये. शेजारी लिंबू आणि कढीपत्ता लावावा. काय उगवले, कोण आले, कोणी कोणाला खाल्ले, याची वही मुलांनी ठेवावी. स्पर्धांचे परीक्षक आणि तपासणीला येणारे अधिकारी यांनाही एक विनंती आहे. आखीव वाफ्यांना गुण देण्याआधी ही वही मागून घ्यावी. बागेत एकही कुरतडलेले पान दिसत नसेल, तर ते कौतुकाचे कारण समजू नये. इथे कोणीच का राहत नाही, हे मुलांना विचारावे.