सांबार मागणारा पोरगा

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं वऱ्हाडीतून रील्स करतात, त्यांच्याबद्दल थोडं. एक प्रसंग तर तुम्ही दहादा पाहिला असेल. अकोल्याचा पोरगा पुण्यात भाजीवाल्याकडे सांबार मागतो. भाजीवाला म्हणतो, हॉटेलात जा. मग दोन-चार 'काहून', एखादं 'करून रायलो', 'ळ'च्या जागी 'य', आणि हशा.

हसायला माझी ना नाही. पण हा विनोद कोणासाठी आहे? अमरावतीच्या बाजारात सांबार मागितला तर कोणी हसत नाही, कोथिंबिरीची जुडी पिशवीत पडते. म्हणजे हसू यायला बाहेरचा कान लागतो. पोरगा आपलीच बोली त्या कानानं ऐकायला लागला आहे, आणि त्याला तो अस्मिता म्हणतो!

फ्रेंच विचारवंत मोरीस हाल्बवाक्स यानं १९२५ मध्ये मांडलं, की आठवण एकट्याची नसते, ती गटाच्या चौकटीत टिकते. आता ज्याला रोडग्यांची पंगत माहीतच नाही, त्याच्यासमोर तिची आठवण कशी काढणार? त्याला ती समजावून सांगावी लागते. तिथं स्मृती संपते, ओळखपत्र दाखवणं सुरू होतं. याउलट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजी आवाजी निरोप पाठवते, 'काहून रे, जेवला का?' तिथं कोणाला हसू येत नाही. माझ्या मते खरी वऱ्हाडी तिथं आहे, तिला लाइक मिळत नाहीत एवढंच.

कोणी म्हणेल, सर, विनोद आपल्या रक्तातच आहे. आहे ना! गाडगेबाबांचं १९५६ सालचं, वांद्र्याला झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, जरूर ऐका. बाबा मुंबईकरांपुढे ठेठ वऱ्हाडीत बोलतात. लोक हसतात, पण बोलीला नाही. बाबांच्या कीर्तनात हसू व्हायचं ते कर्ज काढून सण करणाऱ्याचं, देवापुढे बकरं कापणाऱ्याचं. ऐकणारा स्वतःलाच हसायचा आणि गप्प व्हायचा. बोली तिथं हत्यार होती. रीलमध्ये ती नुसतं सोंग झाली आहे.

या पोरांच्या घरी कापूस आहे, काहींच्या गावी पूर्णेकाठचं खारं पाणी आहे. त्यावर एक रील करा, याच बोलीत, समजावून न सांगता. पुणेकराला नाही कळलं तर तो विचारेल की!