चौथ्या माणसाची साक्ष

फ्लोरिडा जिंकण्यासाठी जून १५२७ मध्ये स्पेनहून ५ जहाजे निघाली. पांफिलो दे नार्वाएझ हा मोहिमेचा प्रमुख होता आणि सोबत सुमारे ६०० माणसे होती. पुढच्या वर्षी त्यांतले सुमारे ३०० जण जहाजे सोडून फ्लोरिडाच्या आत शिरले. १५३६ साली पायी चालत मेक्सिकोतल्या स्पॅनिश मुलखात पोचले ते फक्त चौघे. तिघे स्पॅनिश होते. चौथा त्या तिघांपैकी एकाचा गुलाम होता. मोहिमेचा खजिनदार आल्वार नुन्येझ काबेझा दे व्हाका हा त्या तिघांतला एक. त्याची हकिकत १५४२ साली स्पेनमधील झामोरा येथे छापली गेली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमध्ये जगून-तगून परतलेल्या युरोपीय माणसांनी जी आत्मकथने लिहिली, त्यांत हिचे स्थान फार वरचे आहे. ते मान्य करूनच तिला एक प्रश्न विचारायला हवा : चौथ्या माणसाचे म्हणणे कुठे आहे?

या पुस्तकाचे बळ पराभवाच्या कबुलीत आहे. मुलूख जिंकायला आलेल्यांना आपलेच घोडे मारून खावे लागतात. रिकिबी वितळवून खिळे आणि अंगातल्या सदऱ्यांची शिडे करून ते ५ होड्या बांधतात. नोव्हेंबर १५२८ मध्ये काबेझा दे व्हाकाची होडी आजच्या टेक्सासच्या किनाऱ्याजवळ एका बेटाला लागते. पुन्हा निघताना ती उलटते. तिघे बुडतात, बाकीचे उघडेनागडे किनाऱ्यावर येतात. त्यांची दशा पाहून बेटावरचे लोक त्यांच्याशेजारी बसून मोठमोठ्याने रडतात आणि वाटेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून, ऊब देत त्यांना घरी नेतात. त्याच हिवाळ्यात उपासमारीने काही स्पॅनिश आपल्याच मेलेल्या सोबत्यांचे मांस खातात, तेव्हा हेच लोक हादरून जातात. ज्यांना रानटी ठरवून युरोप निघाला होता, ते इथे माणुसकीच्या बाजूला उभे दिसतात. लेखकाने हे दडवलेले नाही, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु ही रोजनिशी नव्हे. हा बादशहा पाचव्या चार्ल्ससमोर ठेवलेला अर्ज आहे. हाती सोने नाही, जिंकलेला प्रदेश नाही. तेव्हा ही हकिकत हीच माझी चाकरी समजावी, असा लेखकाचा सूर आहे. अर्जदार स्वतःला मध्यभागी ठेवणार, हे ओघानेच आले. बेटावर लोकांनी अन्न तोडून त्याला रोग्यांवर उपचार करायला भाग पाडले होते. पुढे त्याच वैदूगिरीला ईश्वरी कृपेचे रूप येते. पाण्याखालची मुळे उपटताना बोटे कशी सोलवटत, गवताची काडी लागली तरी रक्त कसे येई, हे तो तपशिलाने सांगतो. स्वतःची गुलामी त्याला शब्दागणिक आठवते. शेजारी चालणाऱ्या माणसाची आयुष्यभराची गुलामी मात्र त्याला लिहिण्याजोगी वाटत नाही.

त्या माणसाचे नाव एस्तेवानिको. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील अझेमूरचा काळा अरब, एवढी त्याची ओळख पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वाक्यात येते. अझेमूर १५१३ मध्ये पोर्तुगीजांनी घेतले होते. एस्तेवानिको हे ख्रिस्ती नाव त्याला मालकांनी दिलेले. आईबापांनी ठेवलेले नाव कागदोपत्री सापडत नाही. आज काही जण त्याला 'मुस्तफा' म्हणतात, पण तेही पुढच्यांनी दिलेले नाव.

एके ठिकाणी लेखक नकळत बरेच सांगून जातो. लोकांवर वजन राहावे म्हणून आम्ही त्यांच्याशी फारसे बोलत नसू. वाटा, गावे, हवी ती माहिती हा काळा माणूस विचारून घेई, अशा अर्थाचा मजकूर तिथे आहे. म्हणजे इतक्या भाषांच्या प्रदेशातून चौघांची वाट काढणारा आवाज त्याचा होता. सर्वांत जास्त बोलला तो, आणि पुस्तकात त्याचे बोलणे नाही. परतल्यावर तिघांनी मिळून दिलेला वृत्तांत ओव्हिएदो या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात जपला. त्यातही गुलामाची जबानी नाही. मोरोक्कोचाच इब्न बतूता जवळजवळ दोन शतके आधी मायदेशी परतला, तेव्हा सुलतानाने त्याचा प्रवास लिहून घ्यायला लेखनिक दिला होता. मुलूख तोच, पण एक आझाद होता आणि दुसरा विकलेला.

१५३६ मध्ये चौघांची गाठ गुलाम पकडत फिरणाऱ्या स्पॅनिश घोडेस्वारांशी पडते. सोबतचे मूळ रहिवासी म्हणतात, हे आणि तुम्ही एकाच जातकुळीचे असणे शक्य नाही. तुम्ही आजाऱ्यांना बरे करता, हे धडधाकटांना मारतात. पुस्तकाचा हा सर्वांत उंच क्षण आहे, आणि लेखकाला त्याचा अभिमान आहे. पण त्या 'तुम्ही'मधला एक जण अजूनही गुलामच होता, हे त्याला आठवत नाही. तिघे सुटले. एस्तेवानिकोला १५३९ मध्ये फ्राय मार्कोस दे निझा यांच्या मोहिमेचा वाटाड्या म्हणून पुढे धाडले गेले. आजच्या न्यू मेक्सिकोतील झुनी लोकांच्या हाविकू गावी तो मारला गेला, असे स्पॅनिश कागद सांगतात.

मोरोक्कोत जन्मलेल्या लैला लालामी यांनी 'द मूर्स अकाउंट' (२०१४) या इंग्रजी कादंबरीत त्याला निवेदक केले. तिचा मोठा गुण असा की, हा मुस्तफा निर्मळ बळी नाही. तो व्यापारी आहे, नफ्यासाठी त्याने स्वतः माणसे विकली आहेत आणि पुढे दुष्काळात कुटुंब जगवण्यासाठी तो स्वतःला विकतो. उणीव अशी की, काही ठिकाणी त्याची समज सोळाव्या शतकाची न वाटता आपल्या काळाची वाटते. कादंबरी साक्षीची जागा घेऊ शकत नाही. तशी अपेक्षाही करू नये. मात्र ती वाचून मूळ हकिकतीकडे परतले की तिथली रिकामी जागा लख्ख दिसू लागते.

ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहिले किंवा कोणीच लिहिले नाही, त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतल्यावर काय बदलते, हे मराठी आत्मकथनांच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. एस्तेवानिकोला ती लेखणी मिळाली नाही. म्हणून काबेझा दे व्हाका जिथे जिथे 'आम्ही' लिहितो, तिथे तिथे वाचकाने थांबून विचारावे : या वेळी तोंड कोणी उघडले असेल?