ख्रिस्तपुराण : श्रद्धेचे भाषांतर

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा विचार मराठीत बहुधा एकाच स्थळापाशी येऊन थांबतो. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या सर्वपरिचित झाल्या आणि एका परकीयाने केलेला मायबोलीचा गौरव म्हणून ग्रंथाचे कौतुक करण्याची रूढी पडली. हे कौतुक अनाठायी नव्हे. परंतु त्यामुळे ग्रंथकाराची खरी कसोटी जेथे लागली ते स्थळ दृष्टीआड होते. एका श्रद्धेचा आशय दुसऱ्या श्रद्धेत मुरलेल्या शब्दांनी सांगता येतो काय, हा प्रश्न त्याच्यापुढे होता.

१५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे कार्य मुख्यतः साष्टीत झाले. तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. जुनी पुराणे निषिद्ध ठरली; पुराणश्रवणाची गोडी मात्र तशी पुसता येण्यासारखी नव्हती. ग्रंथारंभी एक ब्राह्मण श्रोता हीच उणीव पाद्रीपुढे मांडतो व तिला उत्तर म्हणून ग्रंथ उभा राहतो. १६१६ साली तो छापला गेला तो रोमन लिपीत, पण ओवीछंदात. 'पहिले' व 'दुसरे' अशी दोन पुराणे आणि सुमारे अकरा हजार ओव्या. श्रोत्याने शंका काढावी व वक्त्याने तिचे निरसन करावे, ही रीतही पुराणाचीच.

छंद व रीत उसनी घेणे त्या मानाने सोपे होते. शब्दांचे तसे नव्हते. स्वर्गासाठी स्टीफन्स 'वैकुंठ' हा शब्द योजतो. त्या शब्दासरशी श्रोत्याच्या मनात विष्णुलोक जागा होणार, हे इतक्या मर्मज्ञ ग्रंथकाराला ठाऊक नसेल असे मानणे कठीण. तो धोका त्याने पत्करला. कारण भक्तीची ओढ जुन्याच शब्दांत साठलेली होती. उलट धर्मविधी व सिद्धान्त यांच्या कित्येक संज्ञा तो पोर्तुगीज वा लॅटिनच ठेवतो. अशा संज्ञा पाहून त्याचे शब्दसामर्थ्य तोकडे पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. जेथे अर्थ निसटला असता श्रद्धाच बदलेल, तेथे त्याने जाणूनबुजून कुंपण घातले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात अशा अनेक परकी संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आलेले आहेत. त्यामुळे ओवी अधिक एकजीव वाटते हे खरे. पण नव्या श्रद्धेचे वेगळेपण तेवढेच फिकटते. मुद्रित पाठातील खडबडीतपणा हा म्हणूनच निव्वळ दोष ठरत नाही.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देशी भाषेवर निर्बंध घातला. तरीही हे पुराण टिकले. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपले आणि सालढाणा यांची आवृत्ती १९०७ साली मंगळुरात निघाली. धर्म पालटला तरी ओवी ऐकणारा कान पालटला नव्हता, याची ही साक्ष आहे. ख्रिस्तपुराणाची थोरवी भाषास्तुतीच्या चार ओव्यांवरून ठरवू नये. त्यातील प्रत्येक स्वीकृत आणि प्रत्येक अननुवादित शब्दापाशी थांबून ती पारखावी, हेच समीक्षेचे कर्तव्य आहे.