टेम्सच्या कांठचे अवशेष : एक परीक्षण

लारा मेक्लेम यांचा 'मडलार्किंग' हा इंग्रजी ग्रंथ २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. ओहोटीनें उघड्या पडणाऱ्या टेम्सच्या कांठावर जुन्या वस्तु वेंचीत हिंडणें, हा त्याचा विषय. ग्रंथाची रचना स्थलक्रमानें आहे. भरतीचें पाणी नदींत जेथवर चढतें तेथून आरंभ करून बाई समुद्रमुखापर्यंत उतरत जातात. ही योजना आम्हांस फार पसंत पडली.

मेक्लेमबाई धातुशोधक यंत्र वापरीत नाहींत. डोळ्यांस दिसेल तेवढेंच उचलतात. कित्येकांस हाच ग्रंथाचा मोठा गुण वाटेल. यंत्रास खापर व चामडें कळत नाहीं, आणि तें वाजूं लागलें कीं हात कुदळीकडे जातो, हें खरें. तथापि स्थळ टिपलें नाहीं, तर वस्तु डोळ्यांनीं सांपडली काय किंवा यंत्रानें सांपडली काय, हानि सारखीच. भरतीनें सर्व कालविलें असतां स्थळाचें महत्त्व तें काय, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. हवा न शिरणाऱ्या गाळांत चामडें शतकानुशतकें टिकतें व बाहेर पडलें कीं लौकरच नासतें; तेव्हां धड जोडा सांपडला, तर तो जवळच्याच थरांतून नुकता सुटला असें समजावें.

स्थळाची साक्ष पारखून न घेतल्यास काय होतें, याचा दाखला लंडनमध्येंच आहे. विल्यम स्मिथ व चार्ल्स ईटन या चिखलांत भंगार वेंचणाऱ्या दोघांनीं १८५७ पासून 'मध्ययुगीन' पदकें ओतून, गोदीच्या खोदकामांत सांपडलीं म्हणून विकलीं. दोघेहि निरक्षर; त्यामुळें लेख निरर्थक उमटले, आणि अकराव्या शतकाच्या सनांस अरबी आंकडे पडले! तरीहि चार्ल्स रोच स्मिथ यांच्यासारख्या जाणत्यानें १८५८ मध्यें न्यायालयांत तीं अस्सल असल्याची साक्ष दिली. दारावर 'जुनी' मोडी सनद विकावयास आलेला मनुष्य ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

आज तेथें परवान्यावांचून शोध करतां येत नाहीं, व ३०० वर्षांहून जुनी वस्तु नोंदीसाठीं दाखवावी लागते. ही शिस्त ग्रंथांतहि उतरावयास हवी होती. आत्मकथनाच्या ओघांत वस्तूपेक्षां ती पाहून बाईंस काय वाटलें यालाच अधिक जागा मिळाली आहे. पुढील आवृत्तींत वस्तु, स्थळ, दिनांक व नोंदीचा क्रमांक यांचें कोष्टक जोडावें.

हॅमरस्मिथचें प्रकरण मात्र आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावें. डव्हज मुद्रणालयाचे खिळे भागीदाराच्या हातीं पडूं नयेत म्हणून कॉब्डन-सँडरसन यांनीं ते १९१६-१७ मध्यें तेथील पुलावरून नदींत टाकिले. त्यांच्याच रोजनिशीवरून जागा ताडून रॉबर्ट ग्रीन यांनीं २०१४ सालीं सुमारें १५० खिळे पाणबुड्यांकडून वर काढविले.