फुजीसमोरची बैठक

एप्रिल सरत आला की कोल्हापुरात जपानचे फोटो येऊ लागतात. साकुराची सहल करून परतलेली मंडळी चहाला बोलावतात, टीव्हीला मोबाइल जोडतात आणि ठरलेल्या क्रमानं सगळं समोर सरकू लागतं: फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानी, आराशियामाचं बांबूचं बन, पाचमजली चुरेइतो पॅगोड्याशेजारी फुजी, रात्रीचा शिबुया चौक. यांत हौशी लोक आहेत तसे चांगले कसलेले छायाचित्रकारही आहेत. फोकस नेमका, रंग खुललेले, चौकट नेटकी. तरी दहा घरांतले फोटो एकत्र पिसले, तर कुठला कुणाचा हे ज्यानं काढला त्यालाही सांगता येणार नाही. आज आपल्याकडच्या प्रवासी छायाचित्रणाचं हेच मोठं दुखणं मला वाटतं. हात तयार आहे, यंत्र उत्तम आहे, पण जागेपुढची बैठक मोडली आहे.

हा साचा आजचा नाही. 1863 मध्ये छायाचित्रकार फेलिचे बिआतो योकोहामाला पोचला. 1857 च्या उठावानंतरचं उद्ध्वस्त लखनौ टिपणारा तोच हा. त्यानं आणि पुढे कुसाकाबे किम्बेईसारख्या जपानी छायाचित्रकारांनी परदेशी पाहुण्यांसाठी हातानं रंगवलेले फोटो विकले. स्टुडिओत मांडलेली छत्री, किमोनोतली तरुणी, मागे पडद्यावरचा देखावा. पाहुण्याला जो जपान हवा होता, तो तयार करून मिळत होता. आता पडदा लागत नाही, जागाच त्या पडद्याच्या कामाला आल्या आहेत. 2024 मध्ये 3 कोटी 68 लाखांहून अधिक परदेशी पाहुणे जपानला गेले. त्याच वर्षी मे महिन्यात फुजिकावागुचिको गावानं रस्त्याकडेला अडीच मीटर उंच आणि 20 मीटर लांब काळी जाळी उभारली, कारण एका दुकानाच्या छपरावर टेकलेला फुजी टिपण्यासाठी लोक वाहतुकीची पर्वा करीनासे झाले होते. बिएईतलं प्रसिद्ध एकाकी झाड त्याआधीच, 2016 मध्ये, मालकानं पाडलं. झाड म्हातारं झालं होतं, पण फोटोसाठी शेत तुडवणाऱ्यांना तो शेतकरी विटला होता हेही तितकंच खरं. एका शेतकऱ्यावर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

मग या देशाचे मनात रुतून बसणारे फोटो कुणी काढले? हिरोशी हामाया 1940 मध्ये नीगाताच्या बर्फाळ मुलखात गेला आणि हिवाळ्यामागून हिवाळे त्याच खोऱ्यात परतत राहिला. गावाचे नववर्षाचे विधी, बर्फातून वाट काढणारी मुलं, देवळापुढची माणसं. ‘युकिगुनी’ हे त्याचं पुस्तक निघालं 1956 मध्ये. एका विषयाला सोळा वर्षं! त्याचा 1955 चा तोयामातला एक फोटो मी कितीदा पाहिला असेन. भाताच्या खाचरात एक बाई उभी आहे. चेहरा चौकटीबाहेर, अंगभर चिखल, ओले कपडे कातडीसारखे चिकटलेले. आपल्या आजऱ्याच्या नाहीतर गगनबावड्याच्या माणसाला या फोटोखालची ओळ वाचायची गरज नाही. रोपलागण त्याच्या कमरेनं सोसलेली असते. जपानी शेतकऱ्याची गवताची झूल पाहून त्याला आपलं इरलं आठवतं.

केन दोमोनचंही तसंच. मुरोजीच्या मंदिरात तो 1939 पासून जात होता. त्याला हवा होता तो बर्फातला मुरोजी मिळाला 1978 मध्ये, आणि तोवर पक्षाघातानं तो चाकाच्या खुर्चीत बसला होता. ही वाट पाहणं कोल्हापूरकराला परकं वाटू नये. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला आपण अंबाबाईच्या किरणोत्सवाची अशीच वाट पाहतो. ढग आले, धूळ आडवी आली, तर मावळतीचे किरण मूर्तीच्या वरपर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच डोळे त्याच उंबऱ्याकडे लागतात.

आणि आपल्या चित्रकलेनं तरी दुसरं काय शिकवलं? 1931 मध्ये गेलेल्या आबालाल रहिमानांनी रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा काठ पुन्हा पुन्हा रंगवला. पाणी तेच, प्रहर वेगळा. बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच हातानं घडवला. या दोघांच्या गावातला छायाचित्रकार जपानला जाऊन आठ दिवसांत पाच शहरं टिपतो आणि मुक्कामाच्या यादीवर खुणा करतो, हे मला पटत नाही. पैसा आणि रजा मोजूनच मिळते, हे मान्य. पण आठ दिवसांत पाच गावं करायची की एका गावात आठ सकाळी उठायचं, ही निवड आपल्याच हातात आहे.

तोक्योच्या सुमो आखाड्यांतला पहाटेचा सराव घ्या. परदेशी कॅमेऱ्यांना तिथं अवाढव्य देह दिसतात. 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलेल्या या गावात वाढलेल्या माणसाला वेगळं दिसायला हवं: धाकट्यानं थोरल्याच्या पाठीवरची माती पुसणं, उपाशीपोटी घेतलेली मेहनत, रिंगणात शिरण्याआधीची मान झुकवण्याची रीत. तालमीच्या हौद्यात मातीला ताक, हळद, लिंबू पाजणारे आपण, तिथं मीठ उधळलं जातं तेव्हा त्याचा अर्थ कुणाकडून समजावून घेणार? हे आपल्याच डोळ्यांना टिपता येईल, आणि अजून ते कुणी टिपलेलं माझ्या पाहण्यात नाही.

पुलंच्या ‘पूर्वरंग’नं मराठी वाचकाला जपान शब्दांत दाखवला, शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला. कॅमेऱ्याची बाजू मात्र रिकामी आहे. मी वाट पाहतो आहे ती आधी आजऱ्याच्या खाचरात दोन पावसाळे काढलेल्या कुणा पोरीची. मे महिन्यात ती तोयामाला जाईल, फुजीकडे पाठ करून पँट गुडघ्यापर्यंत दुमडेल, रोपांची जुडी धरलेल्या म्हातारीला आधी हाताने खुणावून विचारेल आणि चिखलात उतरेल.