चित्राची पाठ

सामरवरणीच्या आमच्या घरातल्या देव्हाऱ्यात लोण्याचा गोळा घेतलेल्या बाळकृष्णाची एक तसबीर असे. आजी तिला रोज गंधफूल वाही. आजी गेल्यावर काच फुटली म्हणून चौकट उघडली, तर ते चित्र म्हणजे लहान मुलांच्या एका औषधाचे जाहिरातीचे कार्ड निघाले! पोर्तुगीज अमदानीत वापीच्या बाजारातून बाटलीबरोबर आलेले.

या कार्डांचा वंश परदेशी. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, रंगीत शिळाछाप स्वस्त झाल्यावर, इंग्लंड-अमेरिकेत औषधवाल्यांनी ती वाटली आणि लोकांनी वह्यांत चिकटवली. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’च्या कार्डांवर गोजिरवाणी आई आणि मुले असत, बाटलीत मॉर्फीन असे. १९०६ च्या कायद्याने अमेरिकेत अफू, मद्य यांचा उल्लेख वेष्टनावर करणे भाग पडले. आपल्याकडे राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीस गेला, आणि त्या धाटणीचे देव साबण-औषधांच्या कॅलेंडरांवर येऊन बसले.

या चित्रांवर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा रंगांवर, दागिन्यांच्या झळाळीवर, फार तर रविवर्म्याच्या ऋणावर. माझी तक्रार आहे ती इथेच. ही अर्धी समीक्षा झाली. कार्डाला पाठ असते, आणि साहित्य म्हणून वाचायचे तर पाठच वाचली पाहिजे.

आमच्या कार्डाच्या पाठीवर दोन मजकूर आहेत. गुजरातीत म्हटले आहे, ‘छोकरुं छानुं रहेशे’, म्हणजे पोर रडायचे थांबेल. मराठीत मात्र ‘बाळ बाळसे धरील’! एकाच बाटलीची दोन वचने. आम्हा दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांनाच ही गंमत कळावी. गुजराती लिहिणारा अधिक प्रामाणिक वाटतो. मराठी लिहिणाऱ्याला शब्दांचा नाद आवडला असावा. औषधात काय आहे, हे मात्र दोन्ही भाषांत नाही.

माझे थोरले काका आठ महिन्यांचे होऊन गेले. मी त्यांना पाहिले नाही. ‘औषधाने गुण होता, छान झोपायचा,’ एवढेच आजी सांगे. त्या झोपेचे कारण मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. फसव्या औषधी जाहिरातींविरुद्धचा भारताचा कायदा १९५४ चा. त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले; पण भारतात आम्ही आलो १९६१ साली. काकांना दोन्हींचा उपयोग नव्हता.

चौकट नवी करताना मी दोन्ही बाजूंना काच बसवून घेतली. आईला ते पटलेले नाही. देवाची पाठ भिंतीकडेच असावी, असे तिचे म्हणणे.