बालूचे गुरुपण: पुस्तक आणि दोन चित्रपट

मुलांच्या अभिजात पुस्तकांवरचे चित्रपट मूळ कथेशी किती प्रामाणिक राहिले, याची चर्चा आपल्याकडे होत असते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एक वेगळा प्रश्न: कथेतल्या मुलाला शिकवणारा मोठा माणूस पडद्यावर कसा बदलत गेला? किपलिंगच्या 'द जंगल बुक'मधले (१८९४) बालू अस्वल या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

पुस्तकातला बालू शिक्षक आहे. सिवनीच्या डोंगरांत, आपल्या विदर्भात पुढे वाहत येणाऱ्या वैनगंगेच्या परिसरात, तो मोगलीकडून जंगलचा कायदा घोकून घेतो, चुकल्यास मारतोही. बघीरा त्याबद्दल त्याला बोल लावतो. पण माकडे मोगलीला पळवून नेतात, तेव्हा बालूने शिकवलेल्या परवलीच्या शब्दांमुळेच घार त्याचा निरोप पोचवते आणि पडक्या नगरातले नाग त्याला दंश करीत नाहीत. बालू आणि बघीरा जिवावर उदार होऊन त्याला सोडवतात. मग कायद्याप्रमाणे शिक्षा होते आणि विषय तिथेच मिटतो.

डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात हा गुरू सवंगडी झाला. तो शिकवतो ते गुरगुरणे, पाठ खाजवणे आणि निवांत राहणे. मुलांशी मायेने वागा, असे सांगणारे डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक अमेरिकेत १९४६ मध्येच आले होते. बालपण आता शिस्तीचा नव्हे, खेळण्याचा काळ होता. तो संपताच मोगली पाणी भरणाऱ्या मुलीमागे गावात जातो.

जॉन फावरो यांच्या २०१६ च्या चित्रपटात मोगली कल्पक कारागीर आहे. बालू त्याच्याकडून कड्यावरचा मध काढून घेतो. दोर आणि अवजारे मोगलीची स्वतःची. शेवटी तो जंगलातच राहतो. इथे मुलाला बदलावे लागत नाही, त्याचे कसब जगाने ओळखायचे असते.

मार गेला, हे उत्तमच झाले. पण माराबरोबर आणखी एक गोष्ट गेली, असे माझे निरीक्षण आहे. संकटाआधीच मुलाच्या हाती काही उपयोगाचे देऊन ठेवणे, ही मोठ्यांची जबाबदारी होती. आजचा मोगली स्वतःच्या हुशारीवर तरतो. ज्या मुलाकडे अशी उपजत हुशारी नाही, त्याला या नव्या जंगलात कोण काय शिकवणार?